साबुदाणा : बाजारातून आला, घरचा झाला

उद्या एकादशी असली म्हणजे आज संध्याकाळी गावच्या किराणा दुकानात एक मागणी हमखास होते : "अर्धा किलो साबुदाणा द्या." रात्री तो घरी भिजत पडतो. सकाळी दाण्याचे कूट होते, कढईत तूप-जिऱ्याची फोडणी तडतडते, हिरवी मिरची पडते आणि सारे घर खिचडीच्या वासाने भरून जाते. उपासाची खिचडी म्हणजे अस्सल घरचे खाणे, आईच्या किंवा आजीच्या हातचे. याबद्दल कोणाला शंका येत नाही.

पण मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या शिवारात साबुदाणा कोणी पेरतो का? त्याचे कणीस, शेंग, वेल, यांपैकी काही तुम्ही पाहिले आहे का? गुरुजींनी हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. कोणी सांगेल, झाडाला लागतो. कोणी म्हणेल, ज्वारीसारखा कणसात भरतो. एखादा विचारी मुलगा गप्पच बसेल, आणि त्याचेच उत्तर बरोबर असेल. कारण साबुदाणा कुठेच पिकत नाही. तो कारखान्यात तयार होतो. आज आपण ज्याला 'पाकिटातले', 'तयार' असे म्हणून थोडे नाक मुरडतो, त्याच जातीचा हा जिन्नस आहे.

मग हा कारखान्याचा माल आपल्या देवघराशेजारच्या स्वयंपाकघरात, तोही उपासाच्या दिवशी, इतका मानाने कसा बसला? या दाण्याचा इतिहास पाहिला म्हणजे बाजाराचा जिन्नस घरचा कसा होतो, आणि तो घरचा करून घेताना आपण काय सांभाळायला हवे, हे दोन्ही ध्यानात येते. आजच्या दिवसांत, जेव्हा आले-लसणाचे वाटण, इडलीचे पीठ आणि तयार मसाले पाकिटातून येतात, तेव्हा हा विचार करण्याजोगा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पूर्वी सगळे घरीच होत असे, असे आपण सहज म्हणतो. ते खरे नव्हे. मीठ कोणत्या घरी पिकत होते? ते आगरातून येई. तेल तेल्याच्या घाण्यावरून येई, गूळ गुऱ्हाळातून येई, चुरमुरे आणि फुटाणे भडभुंज्याच्या भट्टीवरून येत. गव्हाचे, ज्वारीचे पीठ मात्र बायका पहाटे उठून जात्यावर दळत. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि तेही काम घराबाहेर गेले. म्हणजे स्वयंपाकाचे काही काम घरात आणि काही बाहेर, ही वाटणी जुनीच आहे. काळाप्रमाणे रेघ इकडची तिकडे सरकते, एवढेच.

आता साबुदाण्याकडे वळू. त्याचे मूळ घर आग्नेय आशियातल्या बेटांवर आहे. तिथे दलदलीच्या जमिनीत एक ताडासारखे झाड वाढते. मलायी भाषेत त्याला आणि त्याच्या पिठाला 'सागू' म्हणतात. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. फुलण्यासाठी लागणारा साठा ते वर्षानुवर्षे आपल्या खोडाच्या गाभ्यात पिष्टाच्या रूपाने जमवून ठेवते. तिथले लोक झाड फुलण्याच्या आधीच तोडतात, खोड चिरतात, गाभा कुटून पाण्यात धुतात आणि खाली बसलेले पांढरे पीठ खातात. एका झाडापासून शेदोनशे किलो पीठ सहज निघते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी सुमात्रा बेटावर गेला होता. झाडातून पीठ काढणाऱ्या लोकांचे त्याने मोठ्या नवलाने वर्णन केले आहे.

हे पीठ दूर पाठवायचे तर ते टिकायला हवे. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर आणि मलाक्का येथील चिनी कारागिरांनी ते मोत्यासारख्या गोल दाण्यांत घडवून, भाजून, वाळवून गलबतांवर चढवले. भाजलेला, वाळलेला दाणा महिनोन्‌महिने बिघडत नाही. शिजायलाही वेळ लागत नाही. म्हणजे पाहा, टिकाऊपणा आणि झटपटपणा हे जे दोन गुण आजच्या पाकिटांच्या जाहिरातींत आपण वाचतो, तेच या दाण्याच्या जन्माचे कारण आहेत. सागूचा दाणा तो साबुदाणा. तमिळ भाषेत त्याला 'जव्वरिसी' म्हणतात. जावा बेटाचा 'अरिसी' म्हणजे तांदूळ, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. दोन्ही भाषांनी पाहुण्याचे मूळ गाव नावातच जपून ठेवले आहे.

पण आपण आज खातो तो साबुदाणा या झाडाचा नाही. इथे कथा एक मोठे वळण घेते. दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या भागात, कसाव्हा नावाचे एक झुडूप आहे. त्याच्या मुळाशी लांब, जाड, पिष्टाने भरलेले कंद येतात. आपल्याकडे काही जण त्याला टॅपिओका म्हणतात. पोर्तुगीज लोकांबरोबर ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले. त्रावणकोर संस्थानात विशाखम तिरुनाळ महाराजांनी, १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत, गरिबांच्या पोटाला आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. या कंदात कच्चेपणी विषारी द्रव्य असते. म्हणून तो धुऊन, शिजवून, पाणी टाकूनच खावा लागतो. ही रीत लोकांना समजावून देणे हेही लागवडीइतकेच महत्त्वाचे होते.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४२ च्या १५ फेब्रुवारीला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि मार्चमध्ये रंगूनही गेले. रंगून गेल्याने ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तेव्हा त्रावणकोरात कंदाने लोकांना जगवले. सिंगापूर गेल्याने मोत्यासारखा सागूही बंद झाला. बाजारात माल नाही आणि मागणी तर आहे, अशा वेळी तमिळनाडूतल्या सेलम शहरात एक नवा उद्योग उभा राहिला. तिथले व्यापारी माणिक्कम चेट्टियार आणि मलायातल्या पेनांगहून आलेले पोपटलाल शहा यांनी १९४३ च्या सुमारास कसाव्ह्याच्या कंदापासून पीठ आणि दाणे करायला सुरुवात केली. आरंभी हे सारे हातानेच चालत असे. पुढे यंत्रे आली, गिरण्या वाढल्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतले कोरडवाहू शेतकरी हे कंद लावू लागले. १९८१ साली या कारखानदारांनी 'सॅगोसर्व्ह' ही सहकारी संस्था स्थापन केली, आणि २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र हे या मालाचे एक मोठे गिऱ्हाईक आहे. आपल्या एकादशीवर सेलमच्या गिरण्यांचे लक्ष असते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

दाणा होतो कसा, हेही सांगतो. कंद धुऊन सोलतात आणि किसून त्याचा लगदा करतात. लगदा पाण्याने गाळला म्हणजे दुधासारखे पांढरे पाणी निघते. ते हौदात संथ ठेवले की पीठ तळाशी बसते. वरचे पाणी काढून टाकतात आणि ओलसर पिठाचा चुरा करून तो हलवत राहतात. पूर्वी कापडाची झोळी दोघे जण झुलवत, आता ते काम यंत्र करते. हलता हलता पीठ गोळ्या धरते. आपण तांदळाच्या कण्या पाखडतो किंवा शेवयाचे पीठ हाताने फिरवतो, तशीच ही हातोटी. मग त्या गोळ्या चाळून, तापल्या तव्यावर भाजून, उन्हात वाळवतात. भाजताना दाण्याचे बाहेरचे अंग अर्धे शिजते, म्हणून तो भिजला तरी पिठूळ होऊन विरघळत नाही. जो भाजण्याऐवजी वाफवतात तो काचेसारखा दिसतो. त्यालाच दुकानदार 'नायलॉन साबुदाणा' म्हणतात आणि तो चिवड्यासाठी तळला की छान फुलतो. चार-पाच किलो कंदांतून साधारण एक किलो साबुदाणा हाती येतो.

इतक्या लांबून, इतक्या हातांतून आलेला हा दाणा उपासाला कसा चालला? उपासाला धान्य चालत नाही, कंद-मुळे-फळे चालतात, हा आपला जुना दंडक. साबुदाणा धान्य नव्हे, पण धान्यासारखा पोटभरीचा आहे. कोणी धर्मसभा भरवून ठराव केला नाही. घरोघरच्या बायकांनी तो निर्णय आपल्या चुलीपाशी केला. आणि गंमत पाहा, उपासाच्या ताटातले बटाटे, रताळी, शेंगदाणे आणि हिरवी मिरची हीदेखील अमेरिका खंडातून आलेलीच पिके आहेत. पोर्तुगीज येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या ताटात यांतले काही नव्हते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपली खरी, पण त्या दुप्पट खाण्यातला निम्मा माल समुद्रापलीकडून आलेला आहे!

आता या कथेतली खरी महत्त्वाची गोष्ट सांगतो. बाहेर देशी साबुदाण्याचे काय करीत? दुधात शिजवून आजाऱ्याला देत, किंवा खीर करीत. आपल्याकडेही तापकऱ्याला साबुदाण्याची पेज देण्याची चाल होतीच. परंतु खिचडी ही कल्पना ज्या कोणा गृहिणीला पहिल्यांदा सुचली, तिने फार मोठे काम केले. तिचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. दाणा भिजवायचा, पण पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. धुऊन, बोटाच्या पेरापेक्षाही कमी पाणी वर राहील असा झाकून ठेवायचा, म्हणजे तो मोकळा फुगतो. त्याला दाण्याचे कूट चोळायचे, म्हणजे प्रत्येक दाण्याभोवती कुटाचे आवरण बसते आणि कढईत दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. हे ज्ञान गिरणीने दिले नाही आणि पाकिटावरही छापलेले नव्हते. ते घराने निर्माण केले. त्यातूनच पुढे वडे आले, थालीपीठ आले, उन्हाळ्यात गच्चीवर वाळणाऱ्या पापड्या आणि चिकवड्या आल्या.

आणि कुटाने आणखी एक काम केले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नसतात. नुसता साबुदाणा खाऊन पोट भरते, पण अंगाला लागत नाही. भुईमुगाच्या दाण्यात मात्र शंभर ग्रॅमला सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. खिचडीत मूठभर कूट, सोबत वाटीभर ताक किंवा दही, वर लिंबू आणि खोबरे, असे झाले म्हणजे उणे ते बरेचसे भरून निघते. ज्या बाईने हे जमवले तिला प्रथिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण दाण्यात काय कमी आहे हे तिच्या जिभेने आणि अनुभवाने ओळखले होते. बाजाराने अर्धवट दिलेली वस्तू घराने पुरी केली. साबुदाणा 'घरचा झाला' म्हणतो तो या अर्थाने.

पण बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू घराला अशी सुधारून घेता येते काय? येत नाही. याचे उदाहरण त्याच काळातले आहे : वनस्पती तूप.

१९०२ साली विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेलाला हायड्रोजन वायूने घट्ट करण्याच्या क्रियेचे पेटंट घेतले. १९३० नंतर आपल्या देशात याचे कारखाने निघाले आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड पुढे घरोघर ओळखीचे झाले. साजूक तूप महाग, हे स्वस्त. दिसायला रवाळ, तळायला सोयीचे, टिकायला उत्तम. सणाच्या करंज्या-शंकरपाळ्या त्यात होऊ लागल्या. रिकामे डबेही डाळी भरायला आणि तुळस लावायला कामी आले. गांधीजींनी 'हरिजन'मधून यावर टीका केली होती. १९५० साली संसदेत वनस्पतीवर बंदी आणण्याचे विधेयकही आले, पण बंदी झाली नाही. तुपात भेसळ झाल्यास ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालण्याचे बंधन मात्र होते. तिळाच्या तेलाची खूण प्रयोगशाळेत लाल रंगाने उमटते.

म्हणजे त्या काळी सर्वांची चिंता भेसळीची होती. खरा दोष निराळाच निघाला. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात 'ट्रान्स' जातीची स्निग्धे तयार होतात. १९९० साली हॉलंडमधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की ही स्निग्धे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात. त्यातून हृदयविकाराला वाट मिळते. आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांत आणि वनस्पतीत अशा स्निग्धांचे प्रमाण शेकडा दोनपेक्षा अधिक असू नये, असा नियम लागू झाला. डालडा येऊन तोवर पंच्याऐंशी वर्षे झाली होती! तेवढ्या काळात किती दिवाळ्या झाल्या, किती कढया चढल्या, याचा हिशेब कोण करणार?

इथे त्या माउल्यांचा दोष काय? काहीच नाही. साबुदाण्याचे उणेपण जिभेला कळत होते, म्हणून घराने त्यावर उपाय केला. वनस्पतीचा दोष रंगात नव्हता, वासात नव्हता, चवीत नव्हता. तो फक्त शास्त्रालाच दिसणारा होता. तेव्हा गृहिणीची जाण आणि शास्त्राची तपासणी ही दोन्ही लागतात. एकीने भागत नाही.

आता आजच्या दिवसांकडे या. शेतावर राबून आलेल्या किंवा कचेरीतून दमून परतलेल्या बाईने पाकिटातले वाटण वापरले तर 'हल्लीच्या बायकांना कष्ट नकोत' असे शेरे मारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना विचारावे, बाबा रे, तू जात्यावरचे पीठ मागतोस का? गिरणी आली तेव्हा तुझ्या आजीची पहाट मोकळी झाली, ते तुला गैर वाटले का? मुंबईत गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले आणि हजारो बायकांच्या हाती स्वतःची मिळकत आली. तो पापडही विकतचाच. एका घराने वाचवलेला वेळ दुसऱ्या घराची भाकरी होऊ शकतो. म्हणून विकतची वस्तू आणली यात कमीपणा मुळीच नाही. काय आणले हे न पाहता आणणे, यात मात्र धोका आहे.

पाहायचे तरी काय? तीन गोष्टी पुरेत. पहिली, ही वस्तू कशापासून केली आहे? पाकिटावर घटकांची यादी असते, आणि ज्याचे वजन अधिक त्याचे नाव आधी, असा नियम आहे. बदामाच्या पेयाच्या पाकिटावर पहिले नाव साखरेचे असेल, तर आपण साखरच विकत घेतली असे समजावे. दुसरी गोष्ट, हिच्यात काय कमी आहे आणि ते मी घरून भरून काढू शकते का? तयार शेवयांत मूठभर मटार, गाजर, एखादे अंडे घालणारी बाई साबुदाण्यात कूट घालणाऱ्या आजीचीच नात आहे. तिसरी, हिच्यात काय जास्त आहे जे मला काढता येणार नाही? मीठ, साखर, घट्ट केलेले तेल ही एकदा आत गेली की काढता येत नाहीत. ती जास्त असतील तर वस्तू सणावारापुरतीच ठेवावी.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्या आवडीचा परिणाम गिरणीपर्यंत पोचतो. आपण पांढराशुभ्र, चकचकीत साबुदाणा निवडून घेतो. त्या शुभ्रपणाला भाव मिळतो, म्हणून रसायनांनी दाणा पांढरा करण्याचे प्रकार घडले आणि सेलमच्या भागात अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना कारवाया कराव्या लागल्या. कंदाच्या पिठाचा नैसर्गिक रंग किंचित मळकट असतो. तो आपण आनंदाने घेऊ लागलो, तर पांढरे करण्याची गरजच कोणाला उरणार नाही. गिऱ्हाईक डोळस झाले की कारखानाही डोळस होतो.

गुरुजी आणि बाई यांना माझी एक विनंती आहे. एखाद्या शनिवारी मुलांना घरातली रिकामी पाकिटे आणायला सांगा. त्यांवरची घटकांची यादी मोठ्याने वाचून घ्या. कोणती वस्तू कोणत्या गावाहून आली ते नकाशावर दाखवून घ्या. सेलम शोधा, सिंगापूर शोधा, ब्राझील शोधा. मग प्रत्येकाला विचारा, तुझी आई यात घरून काय घालते? भूगोल, इतिहास आणि आरोग्य हे तिन्ही तास एकाच पाकिटात निघतील, आणि आईच्या कामाकडे पाहण्याची मुलांची दृष्टीही थोडी बदलेल.

बाजार कच्चा माल देईल, अर्धा शिजलेला देईल, उद्या पुरा शिजलेलाही देईल. तो काय देतो आहे हे ओळखणे आणि त्यात आपल्या घराची भर घालणे, एवढे काम मात्र आपल्याकडेच राहील. ते आपण कोणाला विकत देऊ नये.